बक्षीस कोणाचे?

“मामा, माझी फिल्म परत आली!”

२०२४ सालच्या वैशाखातली भर दुपार होती. भाच्याचा फोनवरचा तो आवाज ऐकून माझ्या छातीत धस्स झाले. ताईच्या घरी काही बरेवाईट घडले की काय, अशी शंका आली. मग उलगडा झाला. पोराने तयार केलेला अनुबोधपट एका मोठ्या महोत्सवाने नाकारला होता. आमच्या तरुणपणी लेख परत येत असत. सोबत जोडलेल्या तिकिटाच्या पाकिटात ‘साभार परत’ची चिठ्ठी असे. आता फिल्मचा डबाही नाही आणि रीळही नाही. दोन ओळींचा इंग्रजी मजकूर तेवढा येतो. पण तो वाचणाऱ्याचे तोंड पूर्वीइतकेच उतरते.

ताईचे घर पाथर्डी तालुक्यात. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी. दसरा-दिवाळी झाली की गावेच्या गावे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, टायरगाडीवर संसार लादायचा आणि पट्टा पडेपर्यंत उसाच्या फडात राहायचे. पाचटाची कोपी हेच घर. भाच्याने नगरला संज्ञापनाचे शिक्षण घेतले आणि पहिला विषय घेतला तो हाच. २०२२-२३ चा सबंध हंगाम तो आपल्याच वस्तीतल्या लोकांबरोबर फडात राहिला. त्यातून ३८ मिनिटांची फिल्म झाली. खर्चापायी ताईच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या.

“मास्तर,” दाजींनी मला विचारले, “शिकवलं तुम्हीच त्याला. आता एवढंच सांगा, बक्षीस किती असतंय?”

मी निवृत्त मास्तर. उभा जन्म अकोले तालुक्यातल्या शाळांत गेला. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर शोधून सांगावे, ही सवय अजून सुटलेली नाही. त्या शोधाचीच ही हकिगत.

तंबूतली सरकारी फिल्म

अनुबोधपटाशी माझी पहिली ओळख झाली ती अगस्ती ऋषींच्या यात्रेत. महाशिवरात्रीला प्रवरेच्या काठी ही यात्रा भरते. लहानपणी तिथे तंबूतला सिनेमा येई. मुख्य खेळाआधी एक छोटी फिल्म लागे. तिला सगळे ‘सरकारी फिल्म’ म्हणत. कुठल्याशा धरणाची पायाभरणी, पूरग्रस्तांना कपडेवाटप, क्रिकेटच्या सामन्यातले चार फटके, आणि वर एक धीरगंभीर आवाज. ती सुरू झाली की पुरुषमंडळी विडी ओढायला बाहेर पडत आणि भजीवाल्याची चंगळ होई. माझे वडील मात्र जागचे हलत नसत. “नीट बघ,” ते म्हणत, “ही खरी माणसं आहेत. पुढं येतील ती रंग लावलेली.”

त्या फिल्मा फिल्म्स डिव्हिजनच्या. १९४८ साली ही सरकारी संस्था मुंबईत निघाली. तिची वार्तापत्रे आणि अनुबोधपट दाखवल्याशिवाय थिएटरवाल्याला खेळ लावता येत नसे. शिवाय उत्पन्नातला ठराविक वाटा त्याला द्यावा लागे. सक्तीचा प्रेक्षक कंटाळतो हे खरे. पण या संस्थेने आठ हजारांवर फिल्मा काढल्या. सुखदेव, प्रमोद पती, एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी त्याच चाकोरीत राहून असे काही करून दाखवले की आज जाणकार त्या फिल्मा शोधून शोधून पाहतात. फली बिलिमोरिया यांचा ‘द हाऊस दॅट आनंदा बिल्ट’ तर १९६९ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. विडी ओढायला बाहेर गेलेल्यांनी काय काय गमावले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही!

सावेदादांची कुस्ती

मराठी माणसाने तर या कलेविषयी विशेष जिव्हाळा बाळगायला हवा. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती कॅमेऱ्यात पकडली. केंब्रिजहून रँग्लर होऊन आलेल्या रघुनाथराव परांजप्यांचे १९०१ साली मुंबईत झालेले स्वागतही त्यांनीच चित्रित केले. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. म्हणजे आपल्याकडे कथेआधी सत्य पडद्यावर आले, आणि ते आणणारा मराठी होता.

‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द पुढचा. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनी एस्किमोंच्या जीवनावरचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ १९२२ साली काढला. त्यांच्याच ‘मोआना’ या दुसऱ्या चित्रपटाविषयी १९२६ साली लिहिताना जॉन ग्रिअरसन यांनी हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. गंमत अशी की नानूकच्या काही प्रसंगांची फ्लॅहर्टींनी मुद्दाम जुळवाजुळव केली होती. तेव्हा ‘खरे’ म्हणजे कितपत खरे, हा वाद या कलेच्या जन्मापासूनच तिच्या मानगुटीवर बसलेला आहे. तो आमच्या वस्तीवरही येऊन ठेपणार आहे, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होते!

महोत्सवांची प्रथा युरोपातली. व्हेनिसचा पहिला महोत्सव १९३२ चा. अनुबोधपट आणि लघुपट यांची कदर करणारे महोत्सव नंतर आले: जर्मनीत ओबरहाउझेन १९५४ साली आणि लाइपझिग १९५५ साली, पोलंडमध्ये क्राकोव्ह १९६१ साली, आम्सटरडॅमचा १९८८ साली, तर जपानमधल्या यामागाताचा १९८९ साली. आपल्या देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ साली मुंबईत भरला तो फिल्म्स डिव्हिजननेच भरवला होता. पण खास अनुबोधपटांसाठी महोत्सव सुरू व्हायला १९९० साल उजाडावे लागले. तोच आज ‘मिफ’ या नावाने ओळखला जाणारा मुंबईचा महोत्सव. दर दोन वर्षांनी तो भरतो. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तेव्हापासून महोत्सवाची धुरा महामंडळाकडे आहे.

पेडर रोडवरचे दोन दिवस

“चल,” मी भाच्याला म्हटले, “नापास झालेल्या पोराने पहिल्या आलेल्याचा पेपर वाचावा. जाऊन बघून तर येऊ.” जून २०२४ मध्ये, १५ ते २१ तारखांच्या दरम्यान, अठरावा महोत्सव होता. आम्ही दोन दिवस पेडर रोडला हजेरी लावली. आवारात गुलशन महाल नावाची जुनी वास्तू आहे. भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय तिथेच. मी तिथल्या जुन्या यंत्रांपुढे रेंगाळलो की भाचा हात धरून ओढी, “मामा, खेळ सुरू होईल!”

दाजींच्या प्रश्नाचे उत्तर मी पहिल्याच दिवशी टिपून घेतले. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या सर्वोत्तम अनुबोधपटाला सुवर्ण शंख आणि १० लाख रुपये. भारतीय अनुबोधपटाला रौप्य शंख आणि ५ लाख. शिवाय लघुपट, सजीवपट, पदार्पणाचे दिग्दर्शक, छायाचित्रण, संकलन यांची पारितोषिके निराळी. आयुष्यभराच्या कामगिरीसाठी व्ही. शांताराम यांच्या नावाचा पुरस्कार, तोही १० लाखांचा. शांतारामांचे नाव इथे शोभेचे नव्हे. १९४० साली युद्धकाळात सरकारने फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड नेमले तेव्हा अनुबोधपटांच्या निर्मितीचे प्रमुखपद काही काळ त्यांच्याकडे होते. २०२२ साली हा पुरस्कार अनुबोधपटांचे इतिहासकार संजित नार्वेकर यांना मिळाला, तर २०२४ साली वन्यजीवांवर फिल्मा काढणारे सुब्बय्या नल्लमुथू यांना.

त्या वर्षीचा सुवर्ण शंख निष्ठा जैन यांच्या ‘द गोल्डन थ्रेड’ला गेला. विषय बंगालमधल्या तागाच्या गिरण्या आणि तिथले कामगार. अन्नपूर्णादेवींच्या घरावरच्या ‘६-ए आकाश गंगा’ या निर्मल चंदर यांच्या फिल्मने रौप्य शंख मिळवला. एक गिरणी, एक घर! ना परदेशातली दृश्ये, ना कुठला थरार. भाचा गप्प गप्प झाला होता. परतीच्या गाडीत म्हणाला, “मामा, मी घाई केली. फडात सहा महिने राहिलो, पण संकलन सहा आठवड्यांत उरकलं.”

त्याच वेळी आणखीही एक गोष्ट झाली. चहाच्या टपरीपाशी एका जाणत्या गृहस्थांनी त्याची फिल्म मोबाइलवर थोडी पाहिली. फिल्ममध्ये एक प्रसंग आहे. पहाटेच्या अंधारात कोपीपुढे तेरा वर्षांची मुलगी चूल पेटवते आहे. मांडीवर धाकटा भाऊ. ओले पाचट धुपते, म्हणून ती शाळेच्या वहीची पाने टरकावून चुलीत घालते. जाळाचा उजेड तिच्या तोंडावर पडतो. वर भाच्याचे निवेदन: हिची शाळा अशी जळून गेली. गृहस्थ म्हणाले, “हाच शॉट शेवटी घ्या. परीक्षक हलतील.” मीही मान डोलावली. मास्तर ना मी! वही जळताना पाहून माझ्या घशाशी आवंढा आला होता.

बक्षिसांचा बाजार

घरी आल्यावर भाच्याने महोत्सवांची यादीच काढली. तेव्हा मला कळले की या जगात जत्रेसारखीच चोख दुकाने आहेत आणि पाकीटमारही आहेत. परदेशी महोत्सवांचे प्रवेशशुल्क डॉलरात असते. दहा ठिकाणी पाठवले की शेतमजुराचा महिनाभराचा पगार गेला. काही ठिकाणी अट असते की फिल्म आधी कुठे दाखवलेली नसावी. म्हणजे गावात दाखवली की तिथले दार बंद! उलट काही मान्यवर महोत्सवांत पहिले बक्षीस मिळाले की लघु अनुबोधपट ऑस्करच्या स्पर्धेला पात्र ठरतो. त्यामुळे त्या आशेवर लोक वर्षानुवर्षे फिल्म झाकून ठेवतात. आणि काही ‘महोत्सव’ तर नुसते संगणकावरच असतात. ना पडदा, ना प्रेक्षक. शुल्क भरा, महिनाअखेर ‘सर्वोत्कृष्ट’चे पान मिळवा. माझ्या भाच्यालाही अशी दोन पाने मिळाली आहेत. दाजींनी एक चौकटीत घालून भिंतीवर लावले होते. खरा प्रकार कळल्यावर त्यांनी ते उतरवले, पण खिळा तसाच ठेवला. “खरं आलं तर लागंल,” म्हणाले.

सरकार आणि कलावंत यांचे भांडणही या क्षेत्राला नवे नाही. २००४ च्या मुंबई महोत्सवासाठी भारतीय फिल्मांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र हवे, असा नियम आला. परदेशी फिल्मांना ती अट नव्हती. देशभरचे अनुबोधपटकार एकवटले आणि नियम मागे घ्यावा लागला. पण पुढे निवड जाहीर झाली तेव्हा अनेक बोचऱ्या फिल्मा गळाल्या होत्या. तेव्हा या मंडळींनी त्याच वेळी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाचा आपला महोत्सव भरवला. तिथे बक्षिसे नव्हती. गर्दी मात्र होती.

आपल्या जिल्ह्याचे मानकरी

तर मग बक्षिसाने काही होतच नाही का? होते. आमच्या नगर जिल्ह्यातलीच (आता अहिल्यानगर म्हणायचे) दोन उदाहरणे सांगतो. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकत असताना नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. तो रचलेल्या कथेचा, अनुबोधपट नव्हे. पण त्यातल्या पोराची शाळेची भूक खरी होती. २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला पदार्पणाच्या दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. २०१३ चा ‘फँड्री’ आणि २०१६ चा ‘सैराट’ त्यामागून आले. तेव्हापासून नगरच्या पोरांना वाटू लागले की कॅमेरा आपल्याही हातात शोभतो. माझा भाचा त्यांतलाच एक.

दुसरे उदाहरण माझ्या तालुक्यातले. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना कोण ओळखत नाही? शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी भात, वाल, नाचणी अशा पिकांची शेकड्यावर गावरान वाणे जपली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० सालच्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यावर अच्युतानंद द्विवेदी यांनी ‘सीड मदर’ नावाची तीन मिनिटांची फिल्म केली, तीही मोबाइलवर पाहावी तशी उभ्या चौकटीत. एका कॉफी कंपनीने भरवलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिला २०१९ साली तिसरे बक्षीस मिळाले, आणि ते दिले गेले फ्रान्समध्ये, कान महोत्सवाच्या वेळी. कळसूबाईच्या पायथ्याचा वाल समुद्रापलीकडच्या पडद्यावर! ते वाचल्यावर आमच्या भागातली शाळकरी पोरे घरोघर ‘आजी, तुझ्याकडं जुनं बी हाय का?’ विचारत हिंडली, हे मी स्वतः पाहिले आहे. बक्षिसाचा हा गुण मान्य करावाच लागेल: शेजारच्या माणसाकडे आपण बघत नसतो, ते बघायला लावते.

तंबूतल्या सिनेमाचेच पाहा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजमागे वर्षानुवर्षे फिरून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ केला. २०१६ साली कानमध्ये त्याचा विशेष उल्लेखाने गौरव झाला. आमच्या अगस्तीच्या यात्रेतला तंबू कधी उठला ते आम्हाला कळलेही नव्हते.

मारुतीच्या सभामंडपात

भाद्रपदात ताईने मला गणपतीला बोलावले. गणेश मंडळाने प्रोजेक्टर आणला होता. मी भाच्याला म्हटले, “अटीबिटी राहू दे. ज्यांची फिल्म त्यांनी पाहिलेलीच नाही. आज लाव.” तो का-कू करत होता. शेवटी दाजीच म्हणाले, “लाव रं. लोक इचारत्यात.”

मारुतीच्या सभामंडपात पांढरी चादर ताणली. दीड-दोनशे माणसे दाटीवाटीने बसली. विडी ओढायला कोणी बाहेर गेले नाही. बाया एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. “अगं, माज्या हाताच्या भेगा बघ किती मोठ्या दिसत्यात!” एका म्हाताऱ्या बाबांचा मोळी बांधतानाचा प्रसंग आला. ते चैत्रातच वारले होते. त्यांची कारभारीण उठून म्हणाली, “पोरा, तेवढं परत लाव.” त्याने परत लावले. मग आणखी एकदा.

पुढे चुलीचा प्रसंग आला. मंडपातली शाळकरी पोरे फिदीफिदी हसली. कोणीतरी ओरडले, “वह्या जाळती!” फिल्म संपल्यावर ती मुलगी भाच्याकडे आली. ती आता आजीकडे राहून आठवीत शिकत होती. मान खाली घालून म्हणाली, “दादा, तेवढं काढा.”

भाचा तिला समजावू लागला. म्हणाला, हाच तर फिल्मचा जीव आहे, यामुळेच लोकांना तुमचे हाल कळतील.

“पण त्या वह्या भरलेल्या व्हत्या,” ती म्हणाली. “गेल्या वर्षीच्या. कोऱ्या म्या पेटीत ठिवल्या व्हत्या. तुमी इचारलंच नाय.”

आम्ही दोघेही गप्प झालो. सहा महिने तिच्या शेजारी राहून त्याने विचारले नव्हते, आणि चाळीस वर्षे मास्तरकी करून मलाही ते सुचले नव्हते. भरलेली वही चुलीत घालणे ही आमच्याकडे घरोघरची रीत. माझ्या आईने माझ्या वह्या जाळल्याच की! जाळाच्या उजेडात तिचे तोंड दिसले आणि आम्हाला हवा तो अर्थ आम्ही त्यात वाचला. कोऱ्या वह्या पेटीत जपून ठेवणारी पोर आमच्या कॅमेऱ्याला दिसलीच नाही.

त्या रात्री भाचा झोपला नाही. सकाळी त्याने तो प्रसंग काढून टाकला. नुसते निवेदन बदलून भागले नसते का, असे मी विचारले. म्हणाला, “मामा, तिनं ‘काढा’ म्हटलंय.” चाळीस सेकंद गेले. टपरीवरच्या गृहस्थांच्या हिशेबाने बक्षीसही गेले. कार्तिकात, लोक पुन्हा टायरगाड्या भरत होते तेव्हा, तिची परवानगी घेऊन त्याने एक नवा तुकडा घेतला: आईबाप कारखान्याला निघालेत आणि ती आजीच्या उंबऱ्यात उभी आहे, दप्तर पाठीला लावून. ती रडत नाही. हातही हलवत नाही. गाडी वळणाआड गेली की शाळेच्या वाटेला लागते.

नवी फिल्म एका छोट्या महोत्सवाने स्पर्धेबाहेरच्या विभागात दाखवली. प्रमाणपत्र मिळाले, रोकड नाही. पाटल्या अजून पतसंस्थेतच आहेत आणि व्याज भाचा लग्नाच्या फिल्मा काढून भरतो.

माझी एक साधी सूचना आहे. महोत्सव भरवणाऱ्यांनी शंख द्यावेत, लाखही द्यावेत. या पोरांना पैशाची फार गरज आहे. पण बक्षीसपात्र ठरलेली फिल्म जिथे काढली त्या गावात ती आधी किंवा नंतर एकदा दाखवावी, अशी अट घालावी आणि त्या खेळाचा खर्च बक्षिसाच्या रकमेशेजारी वेगळा मांडावा. ‘आधी कुठे दाखवलेली नसावी’ या नियमातून ते एक गाव वगळावे. परीक्षक कितीही जाणते असले तरी वह्या भरलेल्या होत्या की कोऱ्या, हे त्यांना कुठून कळणार?

त्या रात्री सभामंडप रिकामा झाल्यावर दाजी चादरीची घडी घालत होते. बक्षिसाविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. घडी काखेत मारून भाच्याला म्हणाले, “समदं चांगलं झालंय. फकस्त त्या पवळ्या बैलाला तू ढवळ्या म्हनलास. तेवढं नीट कर.”